मुसाफिर म्हणजे पाहुणा

इस्तंबूलमध्ये तुर्की भाषेतले माझे पहिलेच पूर्ण वाक्य चुकले, आणि त्या चुकीचा चहा आम्ही चौघांनी प्यायला.

हॉटेलपासून चार पावलांवर एक छोटे चहाचे दुकान होते. सकाळची वेळ. दुकानदार म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, छातीवर हात ठेवून म्हणाला, “होश गेल्दिनिझ.” म्हणजे ‘या, स्वागत आहे’. याचे उत्तर “होश बुल्दुक” असे द्यायचे असते, ते मी पाठ केले होते, तेही बरोबर आले. त्यामुळे हुरूप वाढला. त्याने पुढे काहीतरी विचारले, त्यातला ‘हिंदिस्तान’ एवढा शब्द कळला. मी मान हलवली आणि ठसक्यात म्हटले, “बेन मिसाफिरिम.” मला म्हणायचे होते, मी मुसाफिर आहे, प्रवासी आहे. शब्द आपलाच, शेवटी ‘इम’ लावला की ‘मी आहे’ असे होते, हे व्याकरण मी वहीत लिहून घेतले होते.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने खुर्च्या पुढे ओढल्या, कमरेत बारीक असणाऱ्या त्या काचेच्या पेल्यांतून चहा आणला, आत जाऊन तीळ लावलेले गोल सिमितही आणले. उठताना यांनी पैसे काढले तर तो घ्यायलाच तयार नाही. एक हात छातीवर, दुसरा हात नकाराचा. आम्ही आग्रह करतोय, तो मागे सरकतोय. संध्याकाळी शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा. प्रवाशाला ते ‘योलजू’ म्हणतात. म्हणजे मी भल्या सकाळी एका अनोळखी माणसाच्या दुकानात शिरून जाहीर केले होते की, मी तुमची पाहुणी आहे.

“फुकटात चहा मागितलास की,” हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यासाठी इथून नेलेली चिक्की घेऊन गेलो तेव्हा कुठे माझ्या जिवाला बरे वाटले.

अल्लाहच्या कृपेने गेल्या वर्षी आम्हाला उमऱ्याची सआदत मिळाली. परतीच्या वाटेवर सहा दिवस तुर्कस्तान, असा तो प्रवास होता. मी, हे, आमची दहावीची परीक्षा दिलेली लेक आणि माझी मोठी नणंद, असे चौघे. मक्का-मदीनेत भाषेचा प्रश्न वेगळाच असतो. तिथे अर्धा बाजार उर्दू बोलतो, आणि आपण जी अरबी वाचतो ती वाचण्याची, तोंडात बोलण्याची नाही. तुर्कस्तानात मात्र मला बोलून पाहायचे होते. याला थोडासा माझा शिक्षकी अहंकारही कारणीभूत. मी पाचवी ते आठवीच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. वीस वर्षे मुलांना सांगत आले की, चुका करा पण बोला, लाजू नका. एकदा आपणच पाचवीच्या बाकावर बसून पाहावे, असे वाटत होते. शिवाय लॉकडाऊनच्या रमजानमध्ये आमच्या घरात उर्दूत डब केलेली एर्तुग्रुल मालिका सगळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून मूळ तुर्की कशी ऐकू येते याची उत्सुकता होती. तीन महिने आधी दोनशे पानी वही घेतली, मोबाईलवर रोज अर्धा तास घालवला. लेक म्हणायची, “अम्मी, तिथे इंग्रजी चालतं.” चालतं, मलाही माहीत होते.

वही भरत गेली तसा एक भास होऊ लागला की, ही भाषा आपल्याला अर्धी येतेच. किताप, कालेम, दुन्या, हावा, शेहिर, साबुन, बादेम. दुकानाला द्युक्कान, मोहल्ल्याला माहाल्ले, बातमीला हाबेर. जेवण झाल्यावर बिल मागायचे तर ‘हेसाप’ म्हणायचे. आपला हिशेब! पहिल्या दिवशी खानावळीत मी “हेसाप, ल्युत्फेन” म्हटले आणि वेटर खरोखरच बिल घेऊन आला, तेव्हा मला जे वाटले ते माझ्या पाचवीतल्या मुलांना पहिले वाक्य वाचल्यावर वाटत असेल. ‘ल्युत्फेन’ म्हणजे कृपया, त्यात आपला लुत्फ लपलेला आहे.

पण हाच भास दगाही देतो. मराठीत आपण ‘फक्त’ म्हणतो. तुर्कीत ‘फकात’ आहे, अर्थ मात्र ‘पण’. ‘तमाम’ म्हणजे आपल्याकडे सगळे, त्यांच्याकडे ‘ठीक आहे’. दिवसातून शंभर वेळा ऐकू येते, तामाम, तामाम. ‘हाझिर’ म्हणजे तयार. तारीख म्हणजे तारीखही आणि इतिहासही. ‘कारपुझ’ ऐकून मी खरबूज समजले, आले कलिंगड. एका मशिदीच्या अंगणाबाहेर पोरे चेंडू खेळत होती, चेंडू आमच्या पायाशी आला तशी ओरडली, “तोपु आत! तोपु आत!” आमच्या नणंदबाई दचकल्या, “तोफ कसली गं?” चेंडूलाही ‘तोप’ आणि तोफेलाही ‘तोप’. गोळा गोलच, म्हणून असेल. आपल्याकडे त्यातली फक्त लढाईची तोफ आली, खेळायची तिकडेच राहिली.

शब्द उर्दूला जवळचे. पण एक गोष्ट मला तिथे जाऊनच कळली. वाक्याची घडण मराठीला जवळची आहे. तुर्कीत शाळेला ‘ओकुल’ म्हणतात. शाळेत म्हणजे ‘ओकुलदा’, शाळेतून म्हणजे ‘ओकुलदान’, शाळेला म्हणजे ‘ओकुला’. प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. उर्दूत आपण ‘स्कूल में’, ‘स्कूल से’ असे सुटे लिहितो. मराठीत मात्र प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहायचा. क्रियापद शेवटी, तेही आपल्यासारखेच. त्यामुळे झाले असे की, शब्द सुचायचे उर्दूतून आणि वाक्य बसायचे मराठीतून. वर्गात विभक्तीचा तक्ता घोकून घेताना मुले कंटाळतात. त्यांना मी आता सांगते की, हा तक्ता आला तर तुम्हाला तुर्की निम्मी आली. मुले हसतात, विश्वास ठेवत नाहीत. आणखी एक, तुर्कीत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. दोघांनाही ‘ओ’. हे ऐकून लेकीला ती भाषा पहिल्यांदा आवडली.

फजितीचे किस्से सांगायचे तर ग्रँड बझारातला सांगितलाच पाहिजे. गालिच्यांच्या दुकानातल्या तरुणाने विचारले, तुम्ही काय करता? मी वाक्य तयारच ठेवले होते. “बेन उर्दू ओयरेत्मेनियिम.” मी उर्दू शिक्षिका आहे. तो गोंधळला. त्याने आत कोणाला तरी हाक मारली. दुसरा आला, तोही गोंधळला. मग पहिल्याने खांद्यावर बंदूक धरल्याचा अभिनय करून विचारले, “ओर्दू?” मी जोरात मान हलवली, हो हो, उर्दू. दोघे एकदम अदबीने उभे राहिले. तुर्कीत ओर्दू म्हणजे फौज. आपल्या भाषेचे नाव त्याच शब्दावरून, लष्कराच्या छावणीवरून आलेले, हे मी स्वतः दरवर्षी आठवीला शिकवते. पण तिथे उभी असताना ते आठवले नाही. मी लष्करात शिकवते, असे त्यांना वाटले. नंतर तिसरा एक जण म्हणाला की, काळ्या समुद्राच्या काठी ओर्दू नावाचे शहर आहे, बाई बहुधा तिथल्या शाळेत असतील. शेवटी लेकीने मोबाईल पुढे केला. त्यावर शब्द आला, ‘उर्दूजा’. भाषेच्या नावाला ‘जा’ किंवा ‘चा’ जोडायचा असतो, ‘त्युर्क्चे’ तसे ‘उर्दूजा’. तिघेही “हाऽऽ” करून हसले. हे मात्र दिवसभर मला ‘सुभेदार’ म्हणत राहिले.

दुसरा किस्सा नणंदेचा. सुलतान अहमद मशिदीत जोहरची नमाज झाली. शेजारच्या बाईने तोंडभर हसून “अल्लाह काबूल एत्सिन” म्हटले. अल्लाह कबूल करो. हे कोणी शिकवावे लागत नाही. मग तिने नणंदेकडे बोट दाखवून, लेकीकडे पाहत विचारले, “हाला मी?” मला वाटले, खाला का, असे विचारते. मी म्हटले, “हायिर, हायिर.” नाही, नाही, खाला नाही, फुप्पी आहे. पण फुप्पीला तुर्की शब्द कुठून आणू? ती म्हणाली, “तेझ्ये?” हा शब्द मी रस्त्यावर ऐकला होता. पोक्त बाईला हाक मारायची तर तेझ्ये म्हणतात, मलाही दोन पोरांनी तसे म्हणून घायाळ केले होते. मी म्हटले, “एवेत, तेझ्ये.” बाईने आम्हा दोघींच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले, साम्य शोधत असावी. नंतर कळले, हाला म्हणजेच फुप्पी, बापाची बहीण. आणि तेझ्ये म्हणजे आईची बहीण. म्हणजे बाई बरोबर विचारत होती, मीच तिला खोटे ठरवले आणि नणंदेला माझी सख्खी बहीण करून टाकले. नणंद म्हणाल्या, “एवढी वर्षं झाली लग्नाला, आज बहीण म्हणालीस. तेही परमुलखात.” बोलल्या हसत, पण मला जरा लागलेच.

एक वाक्य मात्र मी तिथून आणले ते आता घरीही वापरते. ‘कोलाय गेल्सिन.’ कोणी काम करताना दिसला, रस्ता झाडताना, भाकरी भाजताना, भिंत रंगवताना, की जाता जाता म्हणायचे, काम सोपे जावो. मी ते झाडूवाल्याला म्हटले तेव्हा तो झाडू टेकवून उभा राहिला आणि मला वळून काहीतरी दुआ दिली. काय दिली ते कळले नाही. आपल्याकडे सलाम आहे, नमस्कार आहे, पण घाम गाळणाऱ्याला जाता जाता देण्यासाठी असे खास वाक्य मला मराठीत किंवा उर्दूत सापडलेले नाही. वाचक भगिनींना माहीत असल्यास कळवावे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

तुर्कस्तानात सगळीकडे पाट्या इंग्रजीसारख्या लिपीत. पण जुन्या मशिदींच्या दारावर, पाणपोयांवर, मदरशांच्या कमानींवर आपली लिपी कोरलेली. 1928 सालापर्यंत तुर्की भाषा अरबी अक्षरांत लिहीत असत. त्या वर्षी नोव्हेंबरात कायदा झाला आणि नवी लॅटिन लिपी आली. शिक्षिका म्हणून मला त्यातली एक बाजू पटते. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि अरबी अक्षरांत ते दाखवायची सोय अपुरी. लहान मुलाला शिकवायला नवी लिपी सोपी, यात शंका नाही. पण त्याची किंमत काय, ते पाटी वाचून कळत नाही. बुर्सा शहरातल्या उलू जामीत, वीस घुमटांच्या त्या मोठ्या मशिदीत, भिंतींवर माणसाहून उंच अक्षरे रंगवलेली आहेत. एक भला मोठा ‘वाव’ आहे. लेक त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. ती कुरआन नाजरा वाचते, त्यामुळे अक्षरे तिला ओळखीची. पण जबर-जेर काढून घेतले की ती अडखळते, म्हणून उर्दू तिला वाचता येत नाही. होय, उर्दू शिक्षिकेच्या मुलीला. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची. तो निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला, विचार करून घेतला, आणि आजही तो चुकला असे मी म्हणणार नाही. घरी शिकवीन, असे तेव्हा म्हटले होते. दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासून घरी आल्यावर ते राहून गेले.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही एयुप सुलतानला गेलो. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांची मजार तिथे आहे. हिजरतनंतर मदीनेत हुजूर (स.) ज्यांच्या घरी उतरले तेच हे सहाबी. म्हातारपणी या शहरापर्यंत आले आणि इथेच दफन झाले. जियारत झाली. मशिदीमागून टेकडीवर कबरींमधून फरसबंदी वाट चढत जाते. खाली समुद्राची खाडी, वर सुरूची झाडे. आपल्याकडे बायका कब्रस्तानात सहसा जात नाहीत. तिथे बायका, मुले सगळी त्या वाटेने चालतात, कबरींना पाणी घालतात. जुन्या कबरींचे दगड उभे, माणसाच्या उंचीचे. पुरुषांच्या दगडावर पगडी किंवा फेज टोपी कोरलेली, बायकांच्या दगडावर फुले.

मी लेकीला म्हटले, चल, वाच. वरची ओळ तिने वाचली, “हुवल बाकी.” तोच एक बाकी राहणारा. खालच्या ओळीवर ती थांबली, मग मी वाचू लागले. अक्षरे मोठ्याने म्हणत, जशी वर्गात म्हणते तशी. मला अर्थ लागत नव्हता, शब्द तुर्की होते. शेजारच्या बाकावर एक वृद्ध बाई बसली होती, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली, बरोबर कॉलेजात जाणारा नातू. तिने माझे वाचणे ऐकले आणि उठून जवळ आली. नातू इंग्रजीत म्हणाला, “आजी विचारते, तुम्हाला हे वाचता येतं का?” मी म्हटले, वाचता येतं, कळत नाही. त्याने ते तुर्कीत सांगितले. बाईने माझे मनगट धरले आणि दहा-बारा कबरी ओलांडून एका दगडापुढे नेऊन उभे केले.

ती तिच्या आजीच्या आईची कबर होती. तुर्कीत आईच्या आईला ‘आन्नेआन्ने’ म्हणतात, आईआई. ही आन्नेआन्नेची आई. कबर कोणाची हे घरात सगळ्यांना माहीत होते, लहानपणी आजीनेच दाखवली होती. त्या दगडावर काय लिहिले आहे ते मात्र घरात कोणाला वाचता येत नव्हते. नातू म्हणाला, विद्यापीठात जुनी लिपी शिकणारे आहेत, कोणाला तरी आणू असे नेहमी ठरते, आणि राहते. ‘राहते’ हा शब्द मला चांगलाच ओळखीचा होता.

दगडावर शेवाळ होते. तिने बाटलीतले पाणी ओतले, मी ओढणीच्या टोकाने पुसले. वाचायला सुरुवात केली. पहिला शब्द, सीन, अलिफ, ऐन, ते, जीम, ये. “साअत... साअतजी.” मला साअत कळला, वेळ, घड्याळ. पण पुढचा ‘जी’ कसला? बाई एकदम म्हणाली, “साआतची!” आणि मनगटाकडे बोट करून काहीतरी उघडून दुरुस्त केल्याची खूण केली. घड्याळजी! आपल्या मराठीतला घड्याळजी, अगदी तोच. खजानची, मशालची, तोपची, हा शेवटचा ‘ची’ तुर्कांचाच, आपल्याकडे येऊन राहिलेला. पुढे एक नाव आणि ‘एफेंदी’. नावानंतर नून आणि काफ. मी “नक” म्हणाले, बाईने ते स्वतःशी दोनदा म्हटले आणि दुरुस्त केले, “निन. एफेंदिनिन.” एफेंदीची. मग काफ, ये, झे, ये. मी “कीझी, कैझी” असे चाचपडत होते. तिला क्षणभर लागला नाही. “किझी.” मुलगी. अमुक एफेंदी घड्याळजी यांची मुलगी.

ती थांबली. नातवाला काही म्हणाली. नातू म्हणाला, “आजीला तिच्या आजीच्या आजोबांचं नाव माहीत नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं. घड्याळजी होते हेही नाही.”

पुढे आम्ही तसेच गेलो. मी आवाज काढायचा, तिने त्यातून शब्द उचलायचा. ‘मरहूमा’ दोघींना एकदमच कळला. ‘रूहुना फातिहा’ तर लेकीनेच वाचले. शेवटी ‘सेने’ आणि आकडे. सहाचा आकडा आपल्या उर्दूतल्यासारखा नाही, अरबी वळणाचा, त्यामुळे आधी मी चुकले, मग सुधारले. 1326. हिजरी सन. मी मनात हिशेब केला आणि वहीवर लिहून दाखवले, 1908. बाईने बोटे मोजली. तिची आजी तेव्हा सात-आठ वर्षांची असणार. “उफाजिक,” एवढेच ती म्हणाली आणि हात गुडघ्याच्या उंचीला धरला. इवलीशी. हा शब्द माझ्या वहीत नव्हता, तरी कळला.

मग तिने हात वर केले आणि फातिहा सुरू केली. आम्हीही. तिच्या तोंडी ‘वाव’चा ‘व’ जरा टोकदार होता. आमचे काही तिला वेगळे लागले असेल. पण त्या सात आयती होईपर्यंत आम्हा चौघींपैकी एकीलाही कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. (नातू मागे उभा होता, आणि हे तोपर्यंत वाट चुकून खाली पोहोचले होते.)

उठताना बाईने लेकीच्या गालावर हात ठेवला आणि विचारले, “सेन दे ओकुयोर मुसुन?” तूही वाचतेस ना? लेकीला तोवर एवढी तुर्की येत होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. मीही काही बोलले नाही. नातवाला वाटले प्रश्न कळला नाही, त्याने इंग्रजीत पुन्हा विचारला. मग लेक म्हणाली, “थोडंसं.”

उतरताना तिने मला विचारले, “दादाअब्बांची डायरी कुठल्या लिपीत आहे?” माझे सासरे पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यांची रोजनिशी आमच्या कपाटात आहे. पेरणी, पाऊस, कोणाचा जन्म, कोणाला किती उसने दिले, असे बरेच. मी ती दोनदा वाचली आहे, यांनी एकदाही नाही. यांचे शिक्षण मराठीत झाले. यात दुःखाचे काही नाही, मराठी आमची भाषा आहे, हे मासिक आम्ही मराठीतच वाचतो, मी लिहितेही मराठीत. पण माझ्यानंतर ती डायरी म्हणजे नुसता कागद.

मराठवाड्यात हे काही आमच्या एकट्याच्या घरातले नाही. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आमच्या शेजारचे पाटीलकाका त्यांच्या आजोबांचा एक जुना कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आले होते. “बाई, एवढं बघा बरं काय म्हणतंय.” मी वाचायचे, काका मध्येच “हां, ते आमचं ओढ्याकाठचं शेत,” असे म्हणायचे. खुणा मला माहीत नव्हत्या, अक्षरे त्यांना. एयुपच्या टेकडीवर मला काकांचीच आठवण झाली. तेव्हा मी नुसता कागद वाचून दिला होता आणि त्यांनी वानोळा म्हणून आणलेली हरभऱ्याची भाजी ठेवून घेतली होती. त्यांना काय वाटले असेल याचा विचार केला नव्हता.

परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्या नातवाचा व्हॉट्सॲपवर संदेश आला. आजी पुन्हा टेकडीवर गेली होती, त्याच रांगेतल्या आणखी तीन दगडांचे फोटो काढायला लावले. हे शेजारी कोण, ते घरातलेच का, एवढे सांगा, असे इंग्रजीत लिहिले होते. खाली आजीचा आवाज होता, त्यातले “होजाम” आणि “सेलाम” कळले. होजाम म्हणजे आपल्याकडे मुले “बाई” म्हणतात ना, तसे. रस्त्यावरच्या तेझ्येपेक्षा हे मला फार बरे वाटले.

रात्री जेवणानंतर मी फोटो मोठा करून बसले. लेक शेजारी येऊन बसली. मी काही म्हटले नाही. तिने वही घेतली, तीच माझी तुर्कीची, मागची पाने कोरी होती. पहिल्या फोटोतली वरची ओळ तिला येतच होती. दुसऱ्या ओळीत ती ‘रे’ आणि ‘झे’मध्ये अडकली, दगडावरचा नुक्ता झिजला होता. आम्ही दोन्ही तऱ्हांनी लिहिले आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवला, एकदा असा, एकदा तसा. उत्तर सकाळी आले. पहिला दगड घरातला नाही. दुसरा बहुतेक घड्याळजींच्या भावाचा.

तिसऱ्या फोटोतली मधली ओळ अजून लागलेली नाही. आमच्या शाळेतल्या फारसी जाणणाऱ्या सरांना दाखवली, त्यांनाही लागली नाही. दगडाला तडा तिथूनच गेला आहे. आजीने आता पावसाळा संपल्यावर तो दगड धुऊन, सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा फोटो काढायला सांगितले आहे.